आमचे येथे गायक बदलून मिळेल

दिवाळीआधी घराला रंग काढायचा हा ठराव आमच्या घरात दर चार-पाच वर्षांनी पास होतो आणि दर वेळी मी अंघोळीला गेलेलो असताना पास होतो. बाहेर येतो तो रंगाऱ्याचा माणूस शिडी घेऊन उभा. या वेळी तर टॉवेलवरच माझ्या हातात एक खोकं देण्यात आलं.

"अहो, तुमची ती मांडणी रिकामी करा. आणि परत लावताना नीट लावा. रविवारी भंगारवाला येणारच आहे."

'ती मांडणी' म्हणजे बैठकीच्या खोलीतली माझ्या कॅसेट-सीडींची लाकडी मांडणी. करून घेताना मी सुताराला साठ इंच रुंदी सांगितली होती, त्यानं साठ सेंटिमीटर केली. पाहुणे तिला औषधांचं कपाट समजतात. एकदा मामांनी रक्तदाबाची गोळी शोधता शोधता तिच्यातून 'फायरबॉल' नावाचा अल्बम बाहेर काढला होता आणि तो पाहूनच त्यांचा रक्तदाब वाढला होता. मांडणीला कप्पे पाच, आणि पाचही कप्प्यांत एकच बँड: डीप पर्पल. इंग्लंडचा, हार्ड रॉकवाला. १९६८ पासून वाजवतोय आणि १९६८ पासून आपसात भांडतोय.

खोकं भरायला दहा मिनिटं लागली. परत लावायला तीन दिवस लागले, कारण बायकोनं 'नीट' हा शब्द वापरला होता.

डीप पर्पलच्या बाबतीत नीट म्हणजे काय, यावर शहाण्या माणसानं विचार करू नये. सालवारी लावावं तर माणसांचा मेळ बसत नाही. माणसांप्रमाणे लावावं तर सालं उड्या मारतात. या बँडमधल्या माणसांच्या प्रत्येक संचाला चाहते 'मार्क' म्हणतात. मार्क एक, मार्क दोन, मार्क तीन, वगैरे. ऐकायला सोपं वाटतं. पण मार्क दोनची मंडळी १९६९ साली जमली आणि १९७३ साली फुटली. १९८४ साली तीच पाच माणसं पुन्हा जमली, १९८९ साली पुन्हा फुटली. १९९२ साली तिसऱ्यांदा जमली आणि वर्षभरात तिसऱ्यांदा फुटली. आमच्या कॉलेजात एक मुलगा मला दुसऱ्या वर्षाच्या वर्गात असाच तीनदा भेटला होता. पण तो निदान भांडत तरी नव्हता.

असे एकूण मार्क झाले नऊ. कप्पे पाच. मी जमिनीवर बसून बोटं मोजत होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"हे सगळं एकाच बँडचं?"

"हो."

"मग प्रत्येकावर वेगळी माणसं कशी?"

"बँड तोच आहे. माणसं बदलली."

"माणसं बदलली तर बँड तोच कसा?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, कारण चाळीस वर्षं मी फक्त माझ्यासारख्याच माणसांशी बोलत होतो. मी चहा घेतला आणि बिस्किटं नाहीत का, असं विचारलं.

या गोंधळात आई आली. आईचं वय चौऱ्याऐंशी, आणि कुणी कुणाशी का भांडलं हे ऐकायला तिला वयाची अडचण कधीच आलेली नाही. ती खुर्ची ओढून बसली. "सांग बघू पहिल्यापासून."

मी सांगू लागलो. ख्रिस कर्टिस नावाच्या एका गृहस्थाच्या डोक्यात कल्पना आली की, एक बँड काढावा आणि त्याचं नाव ठेवावं 'राउंडअबाउट'. म्हणजे जत्रेतला गोल फिरणारा पाळणा. वादकांनी वाटेल तेव्हा चढावं, वाटेल तेव्हा उतरावं. कल्पना अशी अचूक होती की पाळणा नीट फिरायला लागायच्या आत पहिला तोच उतरला. बाकीच्यांनी नवं नाव शोधलं. 'काँक्रीट गॉड' असंही एक नाव सुचलं होतं, पण ते गाणाऱ्यांपेक्षा बिल्डरला शोभलं असतं. शेवटी गिटारवाल्या रिची ब्लॅकमोरच्या आजीला 'डीप पर्पल' नावाचं एक जुनं गाणं फार आवडायचं, तेच नाव ठेवलं.

"आजीला विचारून नाव ठेवलं?" आई खूश झाली. "गुणी मुलगा दिसतो."

या 'गुणी मुला'नं पुढे काय काय केलं ते ऐकल्यावर तिनं शब्द मागे घेतले, पण ते नंतर.

१९६८-६९ या दोन वर्षांत मार्क एकनं तीन अल्बम काढले. 'हश' हे गाणं अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. सगळं बरं चाललं होतं. असं बरं चाललेलं असलं की कुणालातरी ते बघवत नाही. गायक रॉड इव्हान्स आणि बासवाला निक सिंपर या दोघांना नारळ दिला गेला आणि त्यांच्या जागी दुसऱ्या एका बँडमधून इयान गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आणले गेले.

"अगं बाई, हे तर किर्लोस्कर मंडळीसारखंच!" आई म्हणाली. तिचं माहेर नाटकवेडं. "बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व मंडळी काढली ना १९१३ साली. माझे आजोबा दोन दिवस जेवले नव्हते."

एका वाक्यात आईला सगळं कळलं. मला ते कळायला वीस वर्षं आणि प्रॉव्हिडंट फंडातला बराच पैसा लागला होता.

"आणि हा नवा गायक कोण?"

"गिलन. यानंच १९७० साली 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'च्या रेकॉर्डवर येशूचं काम केलं."

"मग हा तरी सालस असेल."

मी गप्प बसलो. येशूलाही एक गाल पुढे करता येतो, पण समोर ब्लॅकमोर असला की दोन्ही गाल कमी पडतात.

एवढ्यात शिडीवरच्या रंगाऱ्याच्या पोराचं लक्ष खोक्याकडे गेलं. तो खाली उतरला आणि 'डीप पर्पल इन रॉक' हातात घेऊन बघू लागला. अमेरिकेतल्या माउंट रशमोरच्या डोंगरात राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेत, त्यांच्या जागी या पाच जणांचे केसाळ चेहरे, असं ते मुखपृष्ठ आहे.

"साहेब, हे कुठले पुढारी म्हणायचे?"

"पुढारी नाहीत रे, गाणारे आहेत."

"डोंगरात कोरलेत म्हणजे मोठेच असणार. अजून आहेत?"

या निरागस प्रश्नामुळे मला एक शोध लागला. हे अल्बम मी चाळीस वर्षं कानांनी ऐकत आलो, डोळ्यांनी कधी बघितलेच नव्हते. मी ते ओळीनं मांडले. १९७० साली पाचही जणांनी आपले चेहरे दगडात कोरून घेतले. दगडावरची रेघ! तीन वर्षांत त्यातले दोन चेहरे गेले. १९७१ च्या 'फायरबॉल'वर तेच पाच चेहरे आगीच्या गोळ्यात. १९७४ साली 'बर्न' आला, तोवर गायक आणि बासवाला बदललेले. या वेळी त्यांनी शहाणपणा केला. चेहऱ्यांच्या पाच मेणबत्त्या करून घेतल्या आणि पेटवल्या. वितळणार हे आधीच मान्य! वर्षभरात ब्लॅकमोर वितळला. मग १९७५ च्या 'कम टेस्ट द बँड'वर पाच चेहरे वाइनच्या ग्लासात बुडवलेले. त्यानंतर काही महिन्यांत बँडच बुडाला. दगड, आग, मेण आणि दारू, या क्रमानं. आमच्या सोसायटीच्या कमिटीचा फोटो दर वर्षी जिन्यात लावतात, त्यांना मी आता मेणबत्तीचीच सूचना करणार आहे.

आईनं मात्र पेटलेल्या मेणबत्त्या बघून हात जोडले. "कोण गेलं रे यातलं?"

"कुणी नाही गं. तेव्हा सगळे जिवंत होते."

"मग जिवंतपणी कशाला मेणबत्त्या लावतोस माणसांना!"

आता मूळ मुद्दा. मार्क दोन एवढा महत्त्वाचा का, की त्याच्यासाठी मी तीन दिवस जमिनीवर बसावं? याचं उत्तर एका जळालेल्या कॅसिनोत आहे.

१९७१ च्या डिसेंबरमध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी मोंत्रो गावी गेली. तिथल्या कॅसिनोत अल्बम रेकॉर्ड करायचा बेत होता. रेकॉर्डिंगसाठी रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओगाडी भाड्यानं आणलेली. ४ डिसेंबरला त्याच कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम होता. चालू कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या एका महाभागानं छताकडे फ्लेअर गन उडवली आणि कॅसिनो जळून खाक झाला. आमच्याकडे वरातीत कुणी रॉकेट आडवं सोडतं आणि मांडव पेटतो, त्यातलाच प्रकार. फक्त मांडव जरा महाग होता. मोंत्रोच्या जाझ महोत्सवाचा क्लॉड नोब्ज यानं आत शिरून लोकांना बाहेर काढलं. आपले पाच जण सरोवरावर पसरलेला धूर बघत बसले.

जागा गेली. मग गावातलं एक जुनं थिएटर मिळालं. रात्री तिथे जोरात वाजवायला सुरुवात केली तर शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. पोलीस दार ठोठावताहेत, सामानवाली पोरं आतून दार दाबून धरताहेत आणि आत गाण्याचा टेक चालू आहे! पोलीस आत येईपर्यंत टेक झाला होता. गणपतीत रात्री दहाला स्पीकर बंद करायच्या वेळी 'साहेब, एवढं एकच गाणं' असं म्हणणारा कार्यकर्ता जगात सगळीकडे असतो, हे वाचून मला फार बरं वाटलं. तेच ते 'स्मोक ऑन द वॉटर'.

तिथून हकालपट्टी झाल्यावर थंडीसाठी बंद असलेलं एक मोठं हॉटेल मिळालं. त्याच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून यांनी स्टुडिओ केला. वाजवलेलं ऐकायला बाहेरच्या गाडीपर्यंत जायचं तर खोल्या, बाल्कन्या आणि कडाक्याची थंडी ओलांडावी लागे. काही दिवसांनी त्यांनी ऐकायला जाणंच सोडून दिलं. वाजवायचं आणि बरंच झालं असेल म्हणायचं. अशा रीतीनं 'मशीन हेड' तयार झाला. बँकेत मी तीस वर्षं अशाच पद्धतीनं ताळेबंद केले, पण त्यांचं कुठे नाव झालं नाही.

'स्मोक ऑन द वॉटर'ची ती चार सुरांची रिफ गिटार हातात घेतलेल्या प्रत्येक पोरानं वाजवली आहे आणि बहुतेकांनी चुकीची वाजवली आहे. ब्लॅकमोर ती एकाच वेळी दोन तारा बोटांनी छेडून वाजवतो. आपण एकाच तारेवर प्लेक्ट्रम घासतो आणि शेजारी खिडक्या लावतात.

हे मी अनुभवानं सांगतो, कारण १९८६ साली आमचाही बँड होता. गॅदरिंगमध्ये हेच एक गाणं वाजवायचं ठरलं होतं. बँडचं नाव ठरवण्यात दोन आठवडे गेले आणि ते शेवटपर्यंत ठरलं नाही, तेव्हा इथेही देता येत नाही. गिटारवाल्याला त्याच्या आईनं परीक्षा संपेपर्यंत गिटारबंदी केली, म्हणून दुसरा आणला. त्याच्याकडे गिटार होती पण तारा चारच होत्या. ऑर्गन मिळेना म्हणून भजनी मंडळाची पेटी आणली. ड्रमवाला ढोलपथकातला होता. त्यानं मिरवणुकीचा ठेका धरला की आमचं गाणं दीड मिनिटात संपायचं. गायक मी. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी मला न सांगता एका प्राध्यापकांच्या भाच्याला गायक केलं गेलं. मी फुलस्केपवर रीतसर राजीनामा लिहिला. तो कुणी वाचला नाही. त्यावर नंतर बटाटेवडे ठेवलेले मी पाहिले. वडे होते म्हणून मी परत गेलो. प्रत्यक्ष कार्यक्रमात रिफच्या दुसऱ्या सुराला वीज गेली. तीन आठवडे, पाच माणसं, चार मार्क, अल्बम शून्य. तेव्हापासून मला बँड फुटण्यातलं थोडं कळतं.

म्हणून गिलनचा राजीनामा वाचताना माझे डोळे पाणावतात. त्यानं १९७२ च्या डिसेंबरात पत्र दिलं आणि पुढच्या जूनपर्यंत मुदत मागितली. सहा महिन्यांची नोटीस! सरकारी नोकरीतही इतकी कुणी देत नाही. त्या सहा महिन्यांत हे लोक जगभर वाजवत हिंडले. १९७३ साली आलेल्या अल्बमचं नाव होतं 'हू डू वी थिंक वी आर'. म्हणजे आपल्या भाषेत, 'स्वतःला समजतात कोण?' आमच्याकडे हे वाक्य जावेला उद्देशून भिंतीकडे बघत म्हणतात. यांनी ते रेकॉर्डवर छापलं.

गिलनपाठोपाठ ग्लोव्हरलाही जावं लागलं. गंमत अशी की ज्या ब्लॅकमोरला तो नको होता, त्यानंच पुढे १९७९ साली आपल्या 'रेनबो' बँडमध्ये त्याला पुन्हा नोकरीवर घेतलं. आपल्याकडे घटस्फोट झालेली माणसं पुन्हा भेटतात ती कोर्टात. ही एकाच स्टेजवर भेटतात, तेही तिकीट लावून.

नव्या गायकासाठी जाहिरात निघाली. कपड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या डेव्हिड कव्हरडेलनं अर्ज केला. धड फोटो जवळ नव्हता म्हणून बॉय स्काउटच्या गणवेशातला लहानपणचा फोटो पाठवला. तरी निवड झाली. माझ्या पुतण्यानं स्थळासाठी काढलेल्या फोटोंवर अकरा हजार रुपये घालवले, त्याला मी ही गोष्ट दर रविवारी सांगतो. बासला ग्लेन ह्यूज आला, तोही गाणारा. म्हणजे एक गायक गेला आणि दोन आले. सुनेच्या जागी सून आणि तिची आई, असंच काहीसं.

या मार्क तीननं ६ एप्रिल १९७४ ला 'कॅलिफोर्निया जॅम'मध्ये वाजवलं. ब्लॅकमोर अडून बसला की सूर्य मावळल्याशिवाय स्टेजवर पाऊल ठेवणार नाही. मांडवात रुसलेला वरपक्षाचा काका ज्यानं पाहिलाय त्याला चित्र दिसेल. शेवटी आला. आला आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसली, एका अँपचा स्फोट केला आणि हेलिकॉप्टरनं निघून गेला.

"आजीनं लाडावून ठेवला," आई म्हणाली. गुणी मुलाचा विषय तिथे संपला.

पुढच्या वर्षी बाकीच्यांना फंक आवडू लागलं म्हणून ब्लॅकमोरनं बँड सोडला आणि 'रेनबो' काढला. स्वतःचं दुकान असल्यावर मग काय विचारता! पहिल्या अल्बमनंतर त्यानं गायक तेवढा ठेवला आणि बाकी सगळ्यांना काढलं. त्याच्या जागी डीप पर्पलमध्ये टॉमी बोलिन हा अमेरिकन पोरगा आला. एक अल्बम झाला, १९७६ च्या मार्चमध्ये बँड मोडला आणि त्याच वर्षी ४ डिसेंबरला, कॅसिनो जळाल्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, बोलिन नशेपायी पंचविसाव्या वर्षी गेला. त्याची सीडी मी कप्प्यात ठेवताना आवाज करत नाही.

बँड मोडला म्हणजे संपला असं आपल्याला वाटतं. पण नाव मोकळं पडलं की कुणीतरी ते उचलतंच. १९८० साली अमेरिकेत डीप पर्पलचे कार्यक्रम लागले. लोक आनंदानं गेले. स्टेजवर बघतात तर १९६९ साली नारळ मिळालेला रॉड इव्हान्स आणि त्याच्या सोबत कुणी कधी न पाहिलेली चार माणसं! खऱ्या मंडळींच्या मॅनेजमेंटनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली की, या कार्यक्रमात पुढील कलावंत असणार नाहीत. आणि खाली सगळ्यांची नावं. आपल्याकडे 'प्रमुख उपस्थिती' छापतात, ही 'प्रमुख अनुपस्थिती' होती. मला मिसळवाल्याच्या गल्ल्यावरची पाटी आठवली: आमची कुठेही शाखा नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि बनावट मंडळींना ६ लाख ७२ हजार डॉलर दंड बसला. इव्हान्सनं जुन्या अल्बमांचा हक्काचा पैसाही गमावला. त्यानंतर तो लोकांसमोर आला नाही. नाव कुणाचं आणि चिन्ह कुणाचं यावरची भांडणं कशी असतात ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मधल्या काळात गिलन बसून नव्हता. १९८३ साली तो 'ब्लॅक सॅबाथ'मध्ये जाऊन एक अल्बम गाऊन आला. त्यांच्या दौऱ्यासाठी स्टोनहेंजच्या प्राचीन दगडांचा देखावा करायला दिला होता. त्या बँडची मंडळीच सांगतात की मापात फूट आणि मीटरचा घोळ झाला आणि दगड एवढे प्रचंड झाले की बहुतेक थिएटरांत मावेनात. हे वाचल्यापासून मी आमच्या सुताराला माफ केलं. त्यानं निदान चूक लहान केली.

१९८४ साली मार्क दोन पुन्हा जमला आणि 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' आला. माझ्या पैशांनी घेतलेली ती पहिली कॅसेट. 'पूर्ण अनोळखी' असं नाव देऊन पाच जुने मित्र एकत्र येतात, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मी अठरा वर्षांचा होतो, मला वाटलं आता हे सुखानं नांदतील. १९८९ साली गिलनला काढलं आणि रेनबोतलाच जो लिन टर्नर गायक म्हणून आणला. ब्लॅकमोर पर्पलमध्ये, टर्नरही पर्पलमध्ये. लोक त्या बँडला 'डीप रेनबो' म्हणू लागले. तीन वर्षांत टर्नरला काढून गिलनला परत आणलं. अल्बमचं नाव ठेवलं 'द बॅटल रेजेस ऑन', लढाई चालूच आहे. या लोकांना दुसरं काही येवो न येवो, अल्बमांची बारशी मात्र अचूक करतात.

१९९३ च्या नोव्हेंबरात, ऐन दौऱ्यात, ब्लॅकमोरनं जपानचा व्हिसा फाडला आणि कायमचा गेला. तिकिटं तर विकलेली. जपानच्या कार्यक्रमांसाठी जो सॅट्रियानी या दुसऱ्या गिटारवाल्याला बोलावलं. लग्नात भटजी ऐनवेळी आजारी पडले की शेजारच्या कार्यालयातून दुसरे आणतात, तसं.

यानंतरची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. १९९५ च्या एप्रिलमध्ये डीप पर्पल चक्क मुंबईत आले. मी आणि माझा मित्र डोंबिवलीहून लोकलला लोंबकळत गेलो. स्टेजवर ब्लॅकमोरच्या जागी स्टीव्ह मोर्स. हा गृहस्थ काही काळ विमानं चालवत होता. पर्पलमध्ये नुकताच आलेला, त्याच्यासोबतचा एकही अल्बम तोवर निघाला नव्हता. आणि मुख्य म्हणजे तो हसत होता! ब्लॅकमोरला हसताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. गिटारवाला हसतो म्हणजे बँड बुडाला, असं माझं मत मी मित्राला ऐकवलं.

"हा आपला नाही," मी म्हणालो.

"टाळ्या तर तूच वाजवतोयस," मित्र म्हणाला.

खाली पाहिलं तर खरंच माझेच हात होते. रुसून बसायचं म्हणून मी पुढचं एक गाणं हाताची घडी घालून ऐकलं. त्यापुढच्या गाण्यात घडी सुटली ती सुटलीच. परतीच्या गाडीत मी त्या नव्या माणसाची स्तुती इतकी केली की समोरचा एक प्रवासी म्हणाला, "तुमचे जावई का?"

हा नवा माणूस अठ्ठावीस वर्षं टिकला. २०२२ मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे त्यानं बँड सोडला. पन्नासेक वर्षांच्या इतिहासात कुणी असं भांडण न करता जाणं, हेच मला चमत्कारिक वाटलं. त्याच्या आधी २००२ मध्ये ऑर्गनवाला जॉन लॉर्ड असाच शांतपणे निवृत्त झाला आणि डॉन एअरी आला. हाही रेनबोतून आलेला. मोर्सच्या जागी सायमन मॅकब्राइड आला. २०१६ साली अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सत्कार झाला, त्याला ब्लॅकमोर आला नाही आणि बिचाऱ्या निक सिंपरचं नाव तर यादीतच नव्हतं. सत्कारात कुणाचं तरी नाव राहतंच. आमच्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवात वॉचमनचं राहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हे सगळं सांगून थांबलो. सॅट्रियानी धरून पंधरा माणसं, नऊ मार्क, २३ स्टुडिओ अल्बम. भिंतींना दुसरा हात मारून झाला होता. मांडणी अजून रिकामी होती. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिल्यापासून आजपर्यंत राहिलेला कुणी आहे की नाही?"

"आहे. एकच. इयान पेस. ड्रम वाजवतो."

"तो नाही भांडला कुणाशी?"

मी विचार करू लागलो. बँकेत माझ्या तीस वर्षांत अकरा साहेब आले आणि गेले. प्रत्येकानं आल्या आल्या टेबलांची दिशा बदलली. शिपाई मात्र तोच होता. साहेबांच्या मागे स्टुलावर बसायचा, आणि तो रजेवर गेला की बँक बंद असल्यासारखी वाटायची. पेस तसाच. सगळ्यांच्या मागे बसतो. पुढे गायक बदलो, गिटारवाला कॅमेरे फोडो, ठेका याचाच.

"ठीक आहे," बायको म्हणाली. ज्या घरात सासू, नवरा, रंगारी आणि भंगारवाला या सगळ्यांची वेळ एकच माणूस सांभाळतो, त्या घरातली ती आहे. "त्या एकट्याला काहीतरी अक्कल दिसते. ज्यांच्यात तो आहे तेवढ्या ठेवा. बाकीचं रविवारी भंगारात. बोला, कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. आवाज शक्य तितका पडेल ठेवला.

रविवारी भंगारवाला आला. रंगाचे दोन रिकामे डबे घेऊन गेला. रेनबोची एक कॅसेट नियमात बसत नव्हती, ती मी सदऱ्याच्या आत घालून बाथरूममध्ये उभा होतो. मांडणी आता पुन्हा भरली आहे. आईच्या आग्रहानं मेणबत्त्यांचा अल्बम मागे ढकलला आहे आणि डोंगराचा पुढे आला आहे. बायको अधूनमधून मांडणीकडे बघते आणि म्हणते, "कमी झालेल्या दिसत नाहीत."

१९६८ पासून २०२४ पर्यंत डीप पर्पलचे २३ स्टुडिओ अल्बम झाले. इयान पेस नसलेला त्यांत एकही नाही. आमच्याकडे फराळाला आलात तर एवढं बोलू नका.